दातांनी ऐकलेलं इंजिन

टॅक्सीवाल्या काकांच्या गाडीचं इंजिन तिने पार सुटं करून पुन्हा बांधलं होतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगसुद्धा नवी. पहिल्याच चावीला गाडी चालू झाली तेव्हा काकांचा चेहरा खुलला. मग इंजिन गरम झालं आणि आतून आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्. बारीक, पण न चुकणारा.

"उचकी लागलीय हिला," काका म्हणाले. "कुणीतरी आठवण काढतंय."

ती हसली, पण लगेच पुन्हा इंजिनवर वाकली. गॅरेज मुळात बाबांचं. त्यांचे कान गेले तेव्हा त्यांनी ते तिच्यावर सोपवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. तरी जुनी गिऱ्हाइकं 'मिस्त्रींची मुलगी' म्हणूनच तिच्याकडे गाडी आणत. नुकतंच बांधलेलं इंजिन परत खोलावं लागलं तर नाव दोघांचं जाणार होतं.

तिने झडपा उघडणारे टॅपेट पुन्हा सेट केले. आवाज तसाच. मग चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. आतलं बेअरिंग वाजत असतं, तर कुठली तरी वायर काढल्यावर आवाज नक्की बदलला असता. तो जराही हलला नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली, तर सगळं लोखंडच टकटकत होतं.

लहानपणी शाळा सुटली की ती इथेच येऊन एका उलट्या डब्यावर बसायची. "डोळे मीट," बाबा म्हणायचे. "आता कोण आलं, सांग." बाहेर गाडी येऊन थांबायची आणि ती आवाजावरून ओळखायची. पाववाल्याची व्हॅन खोकायची. शाळेतल्या बाईंची छोटी गाडी शीळ घालायची. काकांची टॅक्सी मांजरासारखी गुरगुरायची. चुकलं तरी बाबा रागवायचे नाहीत, "पुन्हा ऐक" एवढंच म्हणायचे. पुढे त्यांचे कान वाहायला लागले, दोन्ही पडदे गेले आणि तो खेळ संपला. कानाचं यंत्र आणलं होतं. पण "घमेल्यात खडी ओतल्यासारखं वाटतं" म्हणत त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

दुपारी बाबा तिचा जेवणाचा डबा घेऊन आले. तिचा चेहरा पाहून म्हणाले, "काय झालं?"

तिने त्यांचा तळहात धरला आणि त्यावर बोटाने तो ठेका वाजवून दाखवला. टक्, टक्, टक्.

बाबांनी डबा खाली ठेवला. चालू इंजिनवर हात ठेवून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. मग तोच लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याची लाकडी मूठ सदऱ्याला पुसली आणि सरळ दातांत धरली.

"अहो मिस्त्री, जेवण डब्यात आहे," काका म्हणाले. बाबांना ते ऐकू आलं नाही.

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि ते जागच्या जागी थबकले. बराच वेळ हललेच नाहीत. मग टोक पुढे सरकवलं, आणखी पुढे, आणि शेवटी बाजूला बसवलेल्या पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपावर येऊन थांबले. मूठ तोंडातून काढली.

"हा जुनाच लावलास?"

"चालत होता, म्हणून," ती त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाली, ओठ वाचता येतील असं.

"चालतोय. पण आतली स्प्रिंग मेलीय, दांडी आपटतेय. इंजिन चांगलं बांधलंयस." मग मुठीवरच्या दातांच्या खुणा पाहत म्हणाले, "आमचे उस्ताद म्हातारपणी असंच ऐकायचे. कान गेले तरी हाडं ऐकतात, म्हणायचे. मी हसायचो तेव्हा."

समोरच्या दुकानातून तिने नवा पंप आणून बसवला. चावी फिरवली. टकटक गेली होती. काकांची टॅक्सी पूर्वीसारखी गुरगुरत होती.

ती इंजिन बंद करायला वळली तर बाबांनी हात वर केला. "राहू दे जरा."

त्यांनी पुन्हा मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. उभ्या गाडीत पेट्रोल जळतंय म्हणून नेहमी कुरकुरणारे काका त्या दिवशी उलट्या डब्यावर जाऊन बसले.

"तुझ्या आईची शिलाई मशीन अशी चालायची," बाबा शेवटी म्हणाले. "दुपारी त्या आवाजावर मला झोप लागायची."

घरी जातानाही स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातातच होता.

आई गेल्यापासून मशीनवर घड्या न केलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. तिने तो पलंगावर टाकला, झाकण काढलं, जागोजागी तेलाचे थेंब सोडले. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ दातांत धरली. तिने पायडल दाबलं. सुईत ना दोरा, खाली ना कापड. मशीन आधी अडखळली, मग सुरात चालायला लागली. बाबांचे खांदे हळूहळू सैल झाले.

बऱ्याच वेळाने त्यांनी मूठ तोंडातून काढली.

"पट्टा ढिला झालाय," ते म्हणाले. "तुझी आई असती तर मला बोलली असती."

"घट्ट करू?"

"उद्या कर. आत्ता चालव."