मधला भाग

“क्रांती अटळ असते!” उजवा हात उंचावून तात्यारावांनी बजावलं, आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांनी ते निमूटपणे मान्य केलं.

फरीदाबादच्या त्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी सकाळी अभ्यासवर्ग भरे. फ्रान्स, रशिया, चीन, क्यूबा, सगळ्यांची राज्यं तात्यारावांनी इथल्या सतरंजीवर उलथवली होती. पुढे सतरंजी जाऊन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मग रशिया गेला, आणि मंडळीही पांगली. कुणी गुडगावला फ्लॅट घेतला, कुणाच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. उरला होता एकटा श्याम. त्याच्यासाठी इस्त्रीचा झब्बा घालून तात्याराव भाषणाची तालीम करत होते.

फोन वाजला.

“तात्या, श्याम बोलतोय. आज जमणार नाही हो. बिल्डरनं बोलावलंय, फ्लॅटची चावी मिळतेय.”

“बिल्कुल, बिल्कुल. मग पुढच्या रविवारी?”



“तात्या, मी मानेसरच्या एका कारखान्यात लागलोय. पर्सोनेलमध्ये. युनियनवाल्यांशी बोलायचं काम आहे.”

“अच्छा. आपल्या बाजूनं ना?”

“तात्या, यार…” श्याम म्हणाला, आणि अभ्यासवर्ग संपला.

तात्यारावांनी फोन ठेवला, नीट बसलाय ना ते पुन्हा पाहिलं, आणि खुर्च्या एकीत एक घालायला घेतल्या. शेवटची उचलणार, तोच त्यांची बायको प्रभा पदराला हात पुसत आली आणि तिच्यावर बसली. वर्गाच्या वेळी ती या खोलीत कधी बसल्याचं त्यांना आठवेना.

“अहो, एक विचारू? त्या फ्रान्सचं काय झालं?”

“म्हणजे? किती वेळा सांगितलंय मी!”

“त्यांना. मी आत असायचे. सुरुवात ऐकू यायची, लोकांना पाव मिळेना वगैरे. मग मी स्टोव्ह पेटवायचे. त्याच्या भर्रर्र आवाजात पुढचं सगळं बुडायचं. चहा होऊन स्टोव्ह बंद केला, की तुमचे लोक एकमेकांच्याच जिवावर उठलेले. रशियातही तेच, चीनमध्येही तेच.”

तात्याराव हसले नाहीत.

“मला वाटायचं, मधे काहीतरी फार चांगलं होत असणार. उगाच का माणसं जीव देतात? तेवढंच माझं ऐकायचं राहिलं. गॅस आला तेव्हा म्हटलं, आता ऐकू येईल. तर तुम्ही सगळे रशियाचं सुतक धरून बसलेले.”

“मग यायचंस की बाहेर!”

“आणि चहा?”

या मुद्द्यावर अभ्यासवर्गात कधी चर्चा झाली नव्हती. तात्यारावांनी चळतीतली वरची एक खुर्ची पुन्हा काढली. मग ती हळूच खाली ठेवून म्हणाले, “बस तू. आज चहा मी टाकतो.”

आत बरीच आदळआपट झाली. अखेर गॅस पेटला. तो काहीच आवाज करत नव्हता. तात्यारावांनी घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गोष्ट मधून सुरू केली.

“त्या रात्री पॅरिसच्या रस्त्यावर, प्रभा, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मालक कोण, नोकर कोण, काही कळत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं…” त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला. चमच्यासकट हात वर गेला. “सगळ्यांना वाटत होतं, की आता या जगात कुणालाही, कधीही…”

“अहो,” बाहेरून प्रभा म्हणाली, “तेवढं दूध बघा.”