तळाला टेकणारा गोळा

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना गोळा आहे. कारागिराने मला साच्यात ओतले, डोक्यावर कडी बसवली आणि थेट धरणावर धाडले. धरण तेव्हा कोरे करकरीत होते. घराघरांत दिवे लागले म्हणून लोकांना त्याचे केवढे कौतुक!

दरवर्षी धरण भरले की नावाडीकाका मला लांब दोरीला बांधून होडीतून पाण्यात सोडायचे. मी तळाला टेकलो की ते दोरीवरची खूण वाचायचे आणि मोजणीच्या ताई आकडा वहीत टिपायच्या.

पहिल्या वर्षी काका अडखळत म्हणाले, "ताई, इथे सोडू का? खाली आमचं अंगण आहे."

त्यांचे गाव धरणासाठी उठवले होते. मी साठ मीटर खाली गेलो आणि फरशीवर आपटलो. तो ठोका दोरीतून काकांच्या हातापर्यंत पोहोचला. ते हसले, मग बराच वेळ तोंड फिरवून बसले.

पुढे डोंगरावरची झाडे तुटत गेली. पावसाळ्यात नदी लाल, गढूळ होऊन येऊ लागली. मी आता टेकत नसे, चिखलात रुतत असे. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. चाळीस.

ताई घाबरून धरणाच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "दोरी ताणली गेली असेल तुमची. धरण शंभर वर्षं टिकणार, आराखड्यातच लिहिलंय."

ताईंनी तिथेच दोरी जमिनीवर पसरून मोजून दाखवली. बोटभरही फरक नव्हता. तरी साहेबांनी वही बाजूला सारली.

तिसाव्या वर्षी मी चोवीस मीटरवरच रुतलो.

"घर पाण्यात होतं तोवर वाटायचं, कधीतरी पाणी ओसरेल," काका हळूच म्हणाले. "आता ते मातीत गेलं, ताई."

त्याच पावसाळ्यात गाळ वीजघरात शिरला. दोन यंत्रे बंद पडली, गावेच्या गावे अंधारात बुडाली. तेव्हा कुठे नव्या साहेबांनी ताईंच्या साऱ्या वह्या मागवल्या, पानन् पान वाचले आणि डोंगरावर झाडे लावायचे काम काढले.

काका थकले होते, तरी पहिल्याच दिवशी रोपे घेऊन चढ चढले.

"काका, यांची सावली तुम्हाला कधी मिळणार?" ताईंनी विचारले.

"सावली कुणाला हवीय? माती धरून ठेवली तरी पुष्कळ."

मित्रांनो, काका आता नाहीत. त्यांची झाडे मात्र उतारावर उभी आहेत. तुम्ही कधी तिकडे गेलात, तर त्यांच्यावर कुऱ्हाड पडू देऊ नका.