खालची जागा रिकामी आहे

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे आणि माझा एक स्क्रू ढिला आहे. हसू नका मित्रांनो, खरंच ढिला आहे! तो कसा ढिला झाला, हे सांगायलाच तर मी आज बोलते आहे.

मी जन्मले एका लखलखीत कारखान्यात. हिरवी पाटी, वर दोन पंखे आणि पोटात थोडीशी मेमरी, एवढाच माझा देह. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे जे धावताना, चमकताना, फुटताना दिसतं, ते रंगवायचं काम माझं. नेहरू प्लेसच्या एका दुकानातून मला धीरजदादाने उचललं. तो वर्ध्याहून दिल्लीला कलेक्टर व्हायला आला होता, पण आधी त्याला गेममधल्या गाड्या पळवायच्या होत्या. काय ते दिवस! राजेंद्र नगरच्या त्याच्या खोलीत मित्रांची गर्दी जमायची आणि कोणी ना कोणी म्हणायचंच, "काय कार्ड आहे राव!" माझे पंखे नुसते फुलून यायचे.

मग धीरजदादा पूर्वपरीक्षेत नापास झाला. दोष कुणाचा? माझा! त्याने मला माकडटोपीत गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं. वर भूगोलाच्या पुस्तकांची चळत. मित्रांनो, अंधारात पडून राहण्यापेक्षा वाईट काय असतं माहीत आहे? वर कोणीतरी मोठमोठ्याने मान्सूनचे वारे पाठ करतंय आणि आपला पंखा मात्र हलत नाही!

शेवटी एका रविवारी तो मला घेऊन द्वारकेला काकांकडे आला. चुलतबहीण क्रांतीच्या हातात मला ठेवून म्हणाला, "घे गं बाई. हे घरात असेपर्यंत मी काही कलेक्टर होत नाही."

क्रांती अकरावीत. पूर्वी ती वर्गात हजेरीसुद्धा हळू आवाजात द्यायची म्हणे. पण मी आले आणि ती ॲनिमेशन शिकली, रात्रंदिवस नवं काहीतरी बनवू लागली. म्हणूनच जेव्हा मराठी मंडळाच्या सभेत विचारलं गेलं, की संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकापाशी आपली माणसं जमतात तेव्हा दाखवायला छोटीशी फिल्म कोण करेल, तेव्हा सगळ्यांच्या आधी हिचा हात वर! "मी करते!" आईसुद्धा चमकून बघत राहिली.

फिल्म होती मराठ्यांच्या छावणीतल्या एका बैलाची. लढाईच्या आदल्या दिवसाची. त्या बैलाच्या अंगावरचा केस न् केस मी रंगवला. थंडीत क्रांती पाय माझ्याजवळ ठेवायची, कारण मी तापले की गरम हवा यायची. तेवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण ती रजाईसुद्धा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ओढून घ्यायची! बिचारी प्रेमानेच करायची, पण माझा जीव गुदमरायचा. कापसाचे तंतू पंख्यात अडकायचे. मी खोकायचे, म्हणजे घरघरायचे, आणि ती म्हणायची, "अले, थकलं का माझं बाळ?"

आणि संक्रांत तोंडावर आलेली असताना शेवटच्या दृश्यावर मी कोसळले. बैल माळावर एकटा उभा राहतो, ते दृश्य. पडद्यावर पाटी आली: मेमरी अपुरी. क्रांतीने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच पाटी. तिने रजाई फेकली, पंखे पुसले, कॅबिनेटला हात जोडले. पुन्हा तीच!

घरात बैठक बसली. माझ्यासारखंच दुसरं कार्ड जोडीला लावायचं, की मला काढून नवं आणायचं? मित्रांनो, तुमच्या डोक्यावर उभं राहून कोणी तुमच्याबद्दल असं बोललं, तर कसं वाटेल? मी मनातल्या मनात ओरडत होते, जोडीला! जोडीला आणा ना कोणीतरी!

क्रांतीच्या वर्गातल्या अथर्वकडे अगदी माझ्यासारखंच कार्ड होतं. कार्ड बसवायच्या खाचेबद्दल त्याने फोनवर विचारलं, "यार, नीचे वाला स्लॉट खाली है क्या?"

क्रांती तिथूनच ओरडली, "बाबा, टॉर्च मारा ना! खालचा खाली आहे का बघा!"

बाबा मंत्रालयातल्या फायली बघून आलेले. ते शांतपणे वाकले. "खालचा खालीच असणार. वर कसा जाईल?"

"अहो बाबा, खाली म्हणजे एम्प्टी!"

"मग रिकामा म्हण की! मराठी काय मेट्रोत विसरलीस?"

रिकामाच होता. अथर्वने आपलं कार्ड आणून माझ्या खाली बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेजारी कोणी माझं होतं! त्याची गरम हवा सरळ माझ्या तोंडावर येत होती, पण मी चकार शब्द काढला नाही. दोघांनी जोर लावला. आणि पडद्यावर पुन्हा तीच मेली पाटी.

अथर्वने कपाळावर हात मारला. "सॉरी यार. दोघांची मेमरी मिळून एक होत नाही. पूरा सीन दोघांच्याही पोटात वेगवेगळा मावायला हवा. दो छोटे डिब्बे, पण पाहुण्यांचं पातेलं मोठं."

म्हणजे जोडीदार असूनही उपयोग नव्हता. तो आपलं कार्ड घेऊन गेला. क्रांती रडायलाच लागली. "मी सगळ्यांसमोर हात वर केला होता, बाबा! आता तिकडे जाऊन काय दाखवू?"

"उद्या नवं आणू," बाबा म्हणाले.

संपलं. क्रांतीने डोळे पुसले, कॉम्प्युटर बंद केला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाशी आणला. पहिला स्क्रू फिरला. खाटेखालचा तो अंधार मला आत्ताच दिसू लागला. मी किंचाळत होते, पण आम्हाला आवाज फक्त पंख्याचा असतो आणि तोही तेव्हा बंद होता.

बाबा क्रांतीचा फोन हातात घेऊन बघत होते. अथर्वला पाठवायला तिने काढलेला अडकलेल्या दृश्याचा फोटो त्यात होता. बैल, आणि त्याच्याभोवती क्षितिजापर्यंत लुसलुशीत, हिरवंगार गवत. पात्यावर पाती, लाखो पाती.

"क्रांती," ते म्हणाले, "हा बैल उपाशी आहे ना?"

"हो. तीच तर स्टोरी आहे. छावणीत चाराच उरला नव्हता."

"मग हा गोल्फ कोर्स कुणाचा?"

क्रांतीचा हात थांबला. ती फोटोकडे बघत राहिली, मग बाबांकडे, मग पुन्हा फोटोकडे. "ते सुंदर दिसावं म्हणून..." ती म्हणाली. सगळं पोट तर त्या गवतानेच भरलं होतं माझं!

तिने स्क्रूड्रायव्हर खाली टाकला, कॉम्प्युटर सुरू केला आणि सगळं गवत पुसून टाकलं. पडद्यावर उरली फक्त भेगाळलेली माती आणि तिला नाक लावून हुंगणारा बैल.

"आता कसं दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"रिकामं," ती अगदी हळू म्हणाली.

मी उरलेल्या स्क्रूवर लटकून ते दृश्य रंगवलं. एकही पाटी आली नाही.

काला अंबला मी गेले नाही, मला कोण नेणार? पण परत आल्यावर क्रांतीने धीरजदादाला फोन केला तेव्हा मी सगळं ऐकलं. मंडपात फिल्म लागली. शेवटच्या दृश्यात साताऱ्याहून आलेल्या एक आजी उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि बैलाच्या तोंडाशी तिळगूळ धरून म्हणाल्या, "घे रे राजा." कोणी हसलं नाही म्हणे.

मित्रांनो, मला माहीत आहे, नवं कार्ड एक दिवस येणारच. यावं. पण कुणालाही काढायच्या आधी आपण त्याच्या पोटात काय काय कोंबलंय, तेवढं बघा. रजाई आपल्या पायांवर घ्या, आमच्या तोंडावर नको. आणि काढलंत, तर खाटेखाली टाकू नका. ज्याच्याकडे एकही नाही, अशा कुणाला तरी द्या.

तो स्क्रू क्रांती अजून घट्ट करायची विसरते आहे. माझी तक्रार नाही. माझ्या खालची जागा मात्र रिकामीच आहे, आणि कधी कधी वाटतं, अथर्वकडच्या त्या दुसऱ्याला विचारावं, तुझं तिकडे बरं चाललंय ना?