यजमानाचा गुडघा

घराण्याच्या संताच्या दिवशी, म्हणजे स्लावाला, यजमानाने बसायचं नसतं. पाहुणे बसतात, खातात, पितात आणि यजमान सकाळपासून उभ्याने त्यांचे पेले भरतो. वडील गेल्यापासून हा मान वुकाशिनकडे आला होता. यंदा मानासोबत एक दुखावलेला गुडघाही होता. बास्केटबॉलच्या रिंगखालून उडी मारून वुकाशिन वाकडा आपटला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यापर्यंत चेंडूला हात लावायचा नाही.

पण गावात डॉक्टर एक आणि वैद्य घरोघरी. कुणी म्हणे कोबीचं पान बांध, कुणी म्हणे राकिया, ती घरची फळांची दारू, चोळ. राकियावाले आधी स्वतः चाखून बघत, औषध चांगलं हवं ना!

स्लावाला आमंत्रण देत नाहीत आणि आलेल्याला परतवतही नाहीत. तेव्हा कोच रातोमिर आलाच. शनिवारी शेजारच्या गावाशी सामना होता. कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेला सरमा आणि डुकराचं मांस चेपताना त्याचा डोळा मात्र वुकाशिनच्या पायावर होता.

"सकाळपासून उभा आहे पोरगा!" तो शेवटी गरजला. "एकदा तरी 'आई गं' म्हणाला? ल्युबिंकावहिनी, गुडघा ठणठणीत आहे. शनिवारी हा खेळणार!"

सगळ्या टेबलाने टाळ्या पिटल्या. वुकाशिनला रडू यायचं बाकी होतं. पँटच्या आत गुडघ्याचा भोपळा झाला होता. तो पुन्हा गेला तर खेळ कायमचा संपला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण स्वतःच्या घरात, संताच्या तसबिरीसमोर, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

"कोच, डॉक्टर म्हणालेत..." वुकाशिनची आई ल्युबिंका पुढे झाली.

"डॉक्टरला एक बास्केट तरी करता येते का, वहिनी? आमच्या वेळी आम्ही मोडके पाय घेऊन खेळायचो! ए अकॉर्डियनवाल्या, कोलो वाजव. नाच रे वुकाशिन, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल."

कोलोचा फेर धरला गेला. सर्वांत पुढे कोच, त्याच्या हातात वुकाशिनचा हात. कोचने एक गिरकी घेतली, टाच आपटली आणि 'कट्ट' असा आवाज झाला.

अकॉर्डियन थांबलं. सगळ्यांनी वुकाशिनच्या पायाकडे पाहिलं. त्यानेही घाबरत खाली पाहिलं. त्याचा गुडघा जागेवर होता. जमिनीवर कोच होता.

त्याला उचलून सोफ्यावर टाकलं. ल्युबिंकाने कोबीचं एक मोठं पान राकियात बुडवून त्याच्या गुडघ्यावर बांधलं.

"हा गुडघा पहिल्यांदा कधी गेला होता?" तिने विचारलं.

"तरुणपणी. डॉक्टर म्हणाला वर्षभर थांब, मी नाताळालाच मैदानात! जिंकलो आम्ही, वहिनी. गावाने खांद्यावर घेऊन मिरवलं मला."

"आणि पुढच्या मोसमात?"

कोचने गुडघ्यावरच्या पानाची गाठ चाचपली.

"पुढच्या मोसमात मी कोच झालो."

वुकाशिनने हातातली बाटली टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि भर स्लावाच्या दिवशी तो चक्क बसला.

"अरे, यजमान बसला!" कुणीतरी किंचाळलं.

आईने त्याच्या पायाखाली स्टूल सरकवलं आणि बाटली उचलली. "पेले मी भरते. कुणाचा रिकामा आहे?"

"कोच," वुकाशिन म्हणाला, "शनिवारी बाकावर तुमच्या शेजारी माझी जागा ठेवा."

कोचने पेला पुढे केला. "ठेवतो. पण पाय लांब करायला जागा मलाही लागेल."