रडक्याचं जॅकेट

आमचा दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकणाऱ्याने भर रस्त्यात गाडी बंद पाडली की दादा त्याच्या गळ्यात ‘ढ’ लिहिलेली पाटी अडकवतो आणि पुढचा चौक तसाच ओलांडायला लावतो. लोक म्हणे लवकर शिकतात. मी म्हणते, लवकर पळून जातात. पण दादाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सुट्टीत त्याने शिडाची होडी भाड्याने घेतली. किनाऱ्याकिनाऱ्याने बेटापर्यंत जायचं आणि परत यायचं. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी, पोरांची आत्या. होडीत प्रत्येकासाठी नारिंगी लाइफ जॅकेट होतं. दादाने एक बाहेर ठेवलं, बाकीची बसायच्या फळीखाली कोंबली आणि जाहीर केलं, “जो रडेल त्याला हे. रडक्याचं जॅकेट.”

“अरे, ती बुडू नये म्हणून असतात,” मी म्हटलं.

“भित्रे बुडतात. माझी पोरं पोहतात.”

धाकट्याने पहिल्याच मोठ्या लाटेला भोकाड पसरलं. पाच वर्षांचं पोर ते. दादाने त्याला जॅकेट चढवलं आणि त्याची आठ वर्षांची ताई “रडका, रडका” करत टाळ्या पिटू लागली. मीही फळीखालचं दुसरं ओढून घातलं.

“आत्यापण रडकी,” दादा म्हणाला.

“असू दे बाबा. शिर सलामत तर पगडी पचास.”

थोरली हसली नाही. मी तिच्या मनातून साफ उतरले होते.

दादा मध्येच मुद्दाम होडी कलती करायचा, कोण ओरडतं ते बघायला. थोरली ओठ आवळून गप्प बसायची. मग तो म्हणायचा, “पास.” वहिनीने हळूच तिच्या खांद्यावर जॅकेट टाकलं, तर पोरीने ते झटकलं. “मी काय रडले का?” दादाची छाती फुगली. मला त्याचा असा संताप आला की ढकलून द्यावं वाटलं मेल्याला.

परतताना वारा चढला. दादाने होडी वळवली, शिडाचा खालचा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला आला आणि त्याच्या धक्क्याने थोरली पाण्यात गेली.

ती लगेच वर आली आणि पोहू लागली. चांगली पोहत होती. दादाने फळीखालचं जॅकेट काढून फेकलं, ते अगदी तिच्या हाताशी पडलं. तिने ते बाजूला ढकललं.

“घाल ते,” दादा ओरडला.

“मी रडत नाहीये, बाबा.”

“अगं घाल म्हणतो ना.”

ती चक्क हसली. बाबा परीक्षा घेतायत हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळपासून घेतच होते. जॅकेट मागे सोडून ती आमच्याकडे पोहू लागली. पण शिडाची होडी काही ब्रेक दाबला की थांबत नाही. वारा आम्हाला पुढेच रेटत होता. दादाने उडी मारली असती तर होडी कोणी वळवली असती? वहिनीला आणि मला सुकाणू कुठे फिरवायचं तेही माहीत नव्हतं.

दादा एका हाताने सुकाणू ओढत होता आणि ढसाढसा रडत होता. “बघ, बाबा रडतोय गं. बघ ना. घाल ते.” वाऱ्यात तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तिचं डोकं एका लाटेमागे गेलं, दिसलं, पुन्हा गेलं. होडी वळून त्या जागी पोचेपर्यंत तिथे नुसतं जॅकेट तरंगत होतं. दादाने शीड उतरवून तिथे किती बुड्या मारल्या, पण हाती काही लागलं नाही.

अंधार पडायच्या आत गस्तीच्या बोटीने आम्हाला ओढत धक्क्यावर आणलं. वहिनी जमिनीवर बसली ती बसलीच. पोलिसाने दादाला विचारलं, “मुलीला जॅकेट नव्हतं का?”

धाकट्याने तेवढ्यात स्वतःचं जॅकेट काढून खाली टाकलं होतं. डोळे कोरडे, ओठ घट्ट आवळलेले.

“ताई रडलीच नाही,” त्याने बापाकडे बघत सांगितलं. “मीपण नाही रडलो.”