फुलकोबीला एक मत

"शून्य तेवढा येऊ देऊ नको अर्जुना, बाकी काय बी चालंल." धोंडीबानं बशीतला चहा फुंकला. "माझं सोताचं मत तिकडं देहूच्या यादीत. हितं काळेवाडीत माझा हक्काचा मानूस तूच. तुज्याच बूथवर भोपळा निघाला, तर लोक म्हनतील, दोस्तानं बी दिलं न्हाई."

"दिलं म्हणून समज," अर्जुनराव म्हणाले आणि शब्द पक्का करायला त्यांनी डावा हात पुढे केला. त्या हाताला तीनच बोटं होती. धोंडीबानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

आत स्वयंपाकघरात सुमनताई लसूण सोलत होत्या. नवऱ्यानं शब्द दिलेला त्यांनी ऐकला आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

धोंडीबा आमदारकीला उभा राहील असं त्याच्या बायकोलासुद्धा वाटलं नव्हतं. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर म्हणून त्यानं सारी हयात काढली. रिटायर झाल्यावर माणसं घराला रंग देतात, नातवंडं खेळवतात. यानं अपक्ष म्हणून अर्ज भरला. निशाणी म्हणून पाना मागितला, तर तो दुसऱ्याच कोणाला गेला आणि याच्या वाट्याला फुलकोबी आली. काळेवाडीत तिला फुलकोबी कोणी म्हणत नाही, सगळे फ्लॉवरच म्हणतात. पण सरकारी कागदावर फुलकोबी होती. मग काय विचारता! कोपऱ्यावरच्या टपरीवर जयसिंग, तोही त्याच कंपनीतला जुना ऑपरेटर, रोज त्याची फिरकी घ्यायचा. "फिटरसाहेब, निवडून आलात तर फ्लॉवरचा रस्सा करणार की सुकी भाजी?" धोंडीबा रागवायचा नाही. स्कूटरच्या हँडलला बांधलेला भोंगा सुरू करायचा आणि आपलं म्हणणं मांडायचा.

म्हणणं तरी काय, तर मी काहीही देणार नाही.

"भावांनो, समदे म्हनत्यात आमी देतो. कुठून देनार? कर्ज काढून देत्यात. देशाच्या डोक्यावर कर्ज, राज्याच्या डोक्यावर कर्ज. फेडनार कसं इचारलं की म्हनत्यात, वाढ व्हईल, वाढीतून फेडू. आता वाढ कुठवर व्हनार राव? पवनेचं पानी हाय तेवढंच हाय. चाकणच्या चौकात शिफ्टची बस जागची हालत न्हाई. मशीनचे ठोके ठरलेले असत्यात, त्याच्या फुडं रेटलं की कुनाचं तरी बोट जातं. मी निवडून आलो तर नवं काय बी देनार न्हाई. हाय ते सांभाळीन, आन घेतल्यालं फेडा म्हनून मागं लागंन. येवढंच."

एवढ्यावर कोण मत देणार? एक उमेदवार बायकांच्या खात्यात दरमहा येणारे पैसे वाढवून देणार होता. दुसरा त्याच्याहून जास्त देणार होता आणि वर चाकणला नवे कारखानेही आणणार होता. त्यांच्या सभांना खुर्च्या पुरत नव्हत्या. धोंडीबाच्या सभेला टपरीवरची चार टाळकी असायची, तीही चहा संपेपर्यंत. अर्जुनराव मात्र शेवटपर्यंत थांबायचे. भाषणात बोटाचा विषय आला की डावा हात खिशात घालायचे.

गेवराईकडचं गाव सोडून अर्जुनराव त्या प्रेस शॉपमध्ये लागले, तेव्हा चाकण नुसतं धावत सुटलं होतं. गाड्या खपत होत्या, माल पुरत नव्हता. प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. हात बटणांवर गुंतलेले असले म्हणजे ते साच्यात सापडत नाहीत, असा त्यामागचा विचार. पण त्यात वेळ जातो. म्हणून ऑपरेटर मंडळी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची. बटण दाबलेलंच राहायचं आणि डावा हात पत्रा सरकवायला मोकळा व्हायचा. माल जास्त निघायचा, इन्सेंटिव्ह मिळायचा. सुपरवायझरला हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्यालाही वर आकडा दाखवायचा होता. एकटा धोंडीबा दर शिफ्टला येऊन पाचरी उपटायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा. तो वळला की पुन्हा पाचर आत. मालकानं तेवढ्यात कर्ज काढून आणखी दोन मशीन आणली, कारण मागणी वाढतच जाणार यात कोणाला शंका नव्हती.

एका दुपारी अर्जुनरावांचा डावा हात साच्यात होता आणि ठोकळा खाली आला. धोंडीबानं त्यांना कंपनीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तुटलेली दोन बोटं त्यानं आपल्या रुमालात बांधून बरोबर घेतली होती. ती आता लावता येणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अर्जुनराव गप्प बसले आणि धोंडीबा ढसाढसा रडला.

हात बरा झाल्यावर अर्जुनराव त्याच मशीनवर परत उभे राहिले आणि रिटायर होईपर्यंत दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत राहिले. नवी दोन मशीन मात्र पुढं काम नाही म्हणून प्लॅस्टिकच्या कागदाखाली पडून राहिली. त्यांचे हप्ते थांबेनात, तेव्हा माणसं कमी झाली. धोंडीबाचं सगळं अर्थशास्त्र तिथून आलं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला सुमनताई गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. अर्जुनराव टीव्ही बंद करून त्यांच्याजवळ आले.

"एक बोलू का?" सुमनताई म्हणाल्या. "ते महिन्याचे पैसे बंद झाले तर माझ्या गोळ्या कशातून आणायच्या? तुमची पेन्शन केवढी, ते मला म्हाईत हाय."

"बंद होतील असं कुठं म्हणलंय कुणी?"

"धोंडीबाभाऊ तर तेच म्हणत फिरायलेत. आन नुसत्या गोळ्यांचं न्हाई. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर पैसा येतो. मेसेज आला की मी दोनदा वाचते. कुणापुढं हात पसरावा लागत न्हाई, तुमच्याबी न्हाई."

"ते कर्जातनं येतात म्हणतो तो."

"येत असतील. ह्या दोन खोल्या कशातनं झाल्या? आपणबी काढलंच की कर्ज."

अर्जुनरावांनी छताकडे पाहिलं. बायकोचं खरं होतं आणि धोंडीबाचंही खरं होतं, आणि पंचाईत तिथंच होती. "मग कुणाला देऊ म्हणतीस?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला सांगू? शब्द तुम्ही दिलाय," म्हणत सुमनताई भिंतीला धरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबरच शाळेत गेले. खोली नंबर तीन. बायकांची रांग लवकर सरकली, सुमनताई मत देऊन बाहेर आल्या आणि वाटेवर भाजी घेते म्हणून पुढे गेल्या. अर्जुनरावांचा नंबर आला. शाई लावणाऱ्या मुलीनं त्यांचा डावा हात ओढून घेतला, तर्जनी शोधली आणि ती गोंधळली.

"पुढच्या बोटाला लावा ताई," अर्जुनराव म्हणाले. "ती दोन चाकणला राहिली."

मुलगी कसनुशी हसली आणि तिनं अनामिकेला शाई लावली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र होतं. वरच्या अंगाला ज्याचे झेंडे गल्लीभर लागले होते, त्या पैसे वाढवणाऱ्याचं नाव. अगदी खाली, नोटाच्या वर, धोंडीबाचं नाव आणि शेजारी फुलकोबी. अर्जुनराव फुलकोबी दाबायलाच आले होते. पण उभं राहिल्यावर त्यांना मोबाइल डोळ्यांजवळ धरून मेसेज दोनदा वाचणाऱ्या सुमनताई दिसल्या. मग धोंडीबाचा रुमाल दिसला. मन असं दोन ठिकाणी अडकलं, आणि मन अडकलं की हात आपल्या सवयीनं चालतात. उजवा हात वर गेला, डावा खाली, आणि आयुष्यभर मशीनवर दाबली तशी त्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली.

तीन बोटांचा हात नेहमीच जरा मागं राहायचा. वरचा दिवा लागला, पीं असा लांबलचक आवाज झाला. काचेमागे चिठ्ठी आली. तिच्यावर झेंडेवाल्याची निशाणी होती. ती थोडा वेळ थांबली आणि आत पडली. अर्जुनरावांनी खालचं बटण पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा दाबलं. काही झालं नाही.

"साहेब, हे..." ते वळून म्हणाले, आणि थांबले. यंत्राची काय चूक होती?

"झालं काका, चला पुढं," अधिकारी म्हणाला.

इतक्या निवडणुका झाल्या, असं कधी घडलं नव्हतं. घरापर्यंतच्या वाटेवर अर्जुनरावांना इतकी लाज वाटली की टपरीवरून जयसिंगनं मारलेली हाकही त्यांनी ऐकली न ऐकलीशी केली. दुपारी ताटात फ्लॉवरचा रस्सा आला.

"आज फ्लॉवर?" त्यांनी विचारलं.

"स्वस्त लागला," सुमनताई म्हणाल्या आणि भाकरी वाढून आत गेल्या.

निकाल लागला तो सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखा. झेंडेवाला भरघोस मतांनी आला. संध्याकाळी काळेवाडीत गुलाल उधळला जात असताना धोंडीबा अर्जुनरावांच्या दारात आला. दिवसभर मतमोजणीच्या हॉलमध्ये उभा राहून त्याचा चेहरा उतरला होता, पण हातात पेढ्यांचा पुडा होता.

"डिपॉझिट गेलं," बसता बसता तो म्हणाला. "जायचंच व्हतं. कितीतरी बूथवर शून्य. येकेक मशीन उघडायचे, आकडा सांगायचे, आन मी मान हालवायचो. मग तुजी शाळा आली. खोली नंबर तीन. खरं सांगतो अर्जुना, मी डोळं मिटलं. येक निघालं. येकच! पन निघालं." त्यानं पुडा उघडून पुढे धरला. "पयला तू घे."

अर्जुनरावांनी दोन दिवस मनात जी वाक्यं जुळवली होती, ती सगळी शून्यासाठी होती. एकासाठी त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. त्यांना तो फ्लॉवरचा रस्सा आठवला. पेढा उचलून तोंडात टाकला असता तर जगात कोणाला कळलं नसतं. मत गुप्तच असतं. धोंडीबा आयुष्यभर खूश राहिला असता.

"ते माझं न्हाई, धोंडीबा," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"मी दोन्ही हातांनी दाबलं. आपण मशीनवर दाबतो तसं. उजवा आधी पडला." त्यांचा आवाज खाली गेला. "तुला शब्द दिला होता मी. द्यायलाच गेलो होतो. पण उभा राहिलो आन मन माघारी फिरलं, ते हातानं बरोबर ओळखलं."

धोंडीबा हसला नाही. पाचरी उपटून उपटून आपणच लावून दिलेल्या सवयीनं आपलंच मत खाल्लं, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. पुडा त्याच्या हातात तसाच राहिला. "मंग हे येक कुनाचं?"

"माझं," सुमनताई दारातून म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. पदराला हात पुसत त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. बोटावरची शाई अजून तशीच काळी होती.

"तुमचं वैनी? तुमाला तर ते पैशे..."

"पैसे मला पाहिजेतच. वाढवून दिले तरी घेणार हाय, सोडणार न्हाई." हे त्यांनी ठणकावून सांगितलं. मग आवाज बदलला. "तुम्ही पाचर काढायचे ना भाऊ, तव्हा सगळ्यात जास्त शिव्या मीच घातल्या तुम्हाला. घरात बसून. इन्सेंटिव्ह बुडतो म्हणून. आन यांना म्हणायचे, तो गेला की ठोका परत. मला ह्या खोल्या पाहिजे होत्या. तुमचा तो रुमाल मीच धुतला होता. लई घासला. डाग निघाले न्हाईत."

अर्जुनरावांनी हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. पाचर ठोका असं बायको म्हणायची ते त्यांना आठवत होतं, पण त्याचा दोष त्यांनी तिला कधी दिला नव्हता. तिनं तो इतकी वर्षं एकटीनं वागवला होता, आणि त्यांना कळलंही नव्हतं.

बाहेरून मिरवणूक चालली होती. ढोलांच्या आवाजानं खिडकीची काच थरथरत होती. ढोल लांब गेल्यावर धोंडीबा उठला. पेढ्यांचा पुडा त्यानं दोन्ही हातांनी सुमनताईंपुढे धरला, देवापुढे धरतात तसा.

"पयला तुमचा, वैनी."

सुमनताईंनी एक पेढा उचलला. तो मधोमध मोडला आणि अर्धा नवऱ्यापुढे धरला. अर्जुनरावांनी डावा हात खिशातून बाहेर काढला आणि त्या हातानं तो घेतला.