अडकित्त्यावरचं संशोधन

विमलबाई जानराव पडघान सोमवारी सकाळी साडेनऊला रिठदला वारल्या.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. विमलबाई नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाकावर बसल्या आहेत, शेजारच्या रुपाबाईंना ओंजळभर बोरं देताहेत, आणि त्यांचा मुलगा संघपाल भिंतीवरचा फलक वाचतो आहे.

संघपाल रिसोडला तहसीलसमोर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. जगात अर्जाने होत नाही असं काही नाही, फक्त बरोबर टेबल सापडलं पाहिजे, असं त्याचं ठाम मत होतं. आईला आजार निघाल्यापासून तो टेबलच शोधत होता.

फलकावर कॅन्सरच्या उपचारांचा इतिहास चौकटी-चौकटींत मांडला होता. आधी नुसतं कापायचे. गाठ छातीत असली की छाती, मग तिच्याखालचं मांस, मग काखेतलं. जितकं जास्त कापेल तितका डॉक्टर मोठा, असं ऐंशीएक वर्षं चाललं. मग कोणीतरी नीट मोजून पाहिलं, तर बऱ्याच बायकांचं एवढं कापायची गरजच नव्हती. पुढच्या चौकटीत किरणं होती. त्यांवर काम करणारे काही जण त्याच किरणांनी गेले होते. त्यापुढे लढाईतला विषारी वायू, आणि त्यातून निघालेलं सलाईनमधलं औषध. शेवटच्या चौकटीवर 'उद्या' असं लिहिलं होतं आणि एक गोरं कुटुंब हिरवळीवर हसत होतं.

"यात आपलं गाव कुठं हाये रे?" विमलबाईंनी विचारलं.

"आपण अजून पह्यल्याच चौकटीत हाओत, माय."

हे अगदीच खरं नव्हतं. विमलबाई तीन चौकटी पार करून आल्या होत्या. कापून झालं, किरणं झाली, सलाईनी झाल्या, आणि आता दुखणं फुफ्फुसात उतरलं होतं. उरला होता तो एका नव्या गोळीचा अभ्यास. मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या रुपाबाईंचंही तेच दुखणं, म्हणून दोघी एकाच आठवड्यात अभ्यासात घेतल्या गेल्या. नोंदी ठेवणाऱ्या नीलिमा मॅडमनी समजावलं होतं, की नेहमीचं औषध सगळ्यांना मिळेल, वर रोज एक गोळी. कोणाच्या डबीत नवं औषध, कोणाच्या डबीत नुसतं पीठ. कोणाचं काय, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.

"डॉक्टरले मालूम नाई, हे लेखी द्यायची पह्यलीच येळ असन," संघपाल म्हणाला होता. मॅडम हसल्या नव्हत्या.

दर आठवड्याला रक्त द्यायचं असल्याने दोघी धर्मशाळेतच खाटेला खाट लावून राहत. तिसऱ्या महिन्यात मॅडमनी दोन्ही डब्यांतल्या गोळ्या मोजल्या. हिशेब चोख.

"शाब्बास! एकही चुकली नाही," मॅडम म्हणाल्या.

"चुकन कशी?" विमलबाई खुलल्या. "रोज सकाळी हिच्या डबीतली एक, मायी एक. अडकित्त्यानं बराबर मधून तोडतो. अर्धी-अर्धी दोघी घेतो."

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

रिठदला विमलबाईंच्या घरी पहिली शेंग आली की तिचा निम्मा वाटा शेजारी गेल्याशिवाय कोणाच्या तोंडात जात नाही. रुपाबाईंच्या तांड्यावर तेच. एकीला औषध आणि एकीला पीठ, हे ऐकून दोघींना त्या डॉक्टरांच्या वळणाचीच लाज वाटली होती.

"अहो, दोघींनाही पीठच आलं असेल तर?" मॅडमनी विचारलं.

"तं पीठई अर्धं-अर्धं," रुपाबाई म्हणाल्या. "अडकित्त्याले काय कयते?"

"असं कोणी करतं का? जगभरात हा अभ्यास चालू आहे!"

"मंग जगात कोणीच वाटून नाई खात काय, बाई?" विमलबाईंनी खरोखर काळजीने विचारलं.

मॅडमनी डोळे पुसले आणि नियम काढला. तो इंग्रजीत होता, पण छोटा होता. दोघी अभ्यासातून बाद. गोळ्या त्याच दिवशी परत घेतल्या. कोणाच्या डबीत काय होतं ते मात्र अभ्यास संपल्यावरच उघडणार, म्हणजे चार वर्षांनी. संघपालने विमलबाईंकडे पाहिलं. एवढी वर्षं तिच्याजवळ नव्हती.

"अर्ज केला तं?" त्याने विचारलं.

"कोणाकडे करणार, दादा?"

या प्रश्नाने तो आजवर कोणत्याही कचेरीत अडला नव्हता. त्याने गोळी बनवणाऱ्या कंपनीचा परदेशातला एक ई-मेलचा पत्ता शोधला. पत्र पोचलं, असं आपोआप उत्तर देणारा पत्ता होता तो. दोनदा लिहिलं, दोनदा पोचलं.

तोवर दोघी आपापल्या घरी परतल्या होत्या. मग सोमवार आला. सोमवारी काय झालं ते आपण वाचलेलं नाही. मंगळवारी रुपाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज आता फुंकरीएवढाच उरला होता.

"विमलबाई कशी हाये रे?"

संघपालने अंगणात मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"बरी हाये, मावशी. झोपली हाये."

"झोपू दे. ती बरी, तं मलेई जरा बरं वाट्टे."

फोन ठेवून तो तसाच रिसोडला तहसीलसमोर गेला, छत्री उघडली आणि तिसरा अर्ज टाईप केला.

"विषय : दोन रुग्णांस एक रुग्ण समजण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, रुग्ण क्र. ३१ व रुग्ण क्र. ३२ यांनी प्रत्येकी अर्धे औषध घेतलेले असल्याने दोघींचे मिळून एक औषध पूर्ण होते. सबब दोघींस एकच रुग्ण समजून अभ्यासात पूर्ववत सामावून घ्यावे, तसेच त्यांपैकी एक जरी हयात असल्यास दोघीही हयात असल्याची नोंद घेऊन तसे लेखी कळविण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती."